लॅपटॉप सुरू होतो, पण पडदा काळाच : बिघाड नेमका कुठे, हे कसे ओळखावे?

नवी दिल्ली : १९ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावर उड्डाणांची माहिती काही काळ पांढऱ्या फलकावर हाताने लिहून द्यावी लागली. देशातील काही विमानतळांवर प्रवाशांना हस्तलिखित बोर्डिंग पास देण्यात आले. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने पाठविलेली एक सदोष फाइल त्यास कारणीभूत ठरली होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांना तिचा फटका बसला. हे संगणक सुरू होता होता निळ्या पडद्यावर अडकत होते. मात्र त्यांची यंत्रे शाबूत होती आणि त्यांत साठविलेली माहितीही शाबूत होती. सदोष फाइल काढून टाकताच ते पूर्ववत चालू लागले.

घरातील किंवा कार्यालयातील लॅपटॉप सुरू केल्यावर पडदा काळाच राहिला, तर हीच गोष्ट प्रथम ध्यानात घेणे आवश्यक ठरते. पडदा हा संगणक सुरू होण्याच्या साखळीतील शेवटचा दुवा आहे. त्याआधीच्या कोणत्याही दुव्यात खंड पडला, तरी पाहणाऱ्याला दिसतो तो केवळ काळा पडदा. म्हणूनच एकाच लक्षणामागे सैल झालेली पिन असू शकते, तसाच निकामी झालेला मदरबोर्डही असू शकतो. पहिल्याला खर्च जवळजवळ नाही. दुसऱ्याचा खर्च जुन्या लॅपटॉपच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. फरक ओळखता आला नाही, तर पैसा आणि माहिती या दोन्ही गोष्टी विनाकारण गमावण्याची वेळ येते.

दिल्ली आणि परिसरात हा प्रश्न अनेकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. नोएडा आणि गुरुग्राम येथील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत काम करणारे, तसेच राजेंद्रनगर, करोलबाग आणि मुखर्जीनगर भागात राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी यांचे सारे काम लॅपटॉपवर अवलंबून असते. त्यांत महाराष्ट्रातून आलेल्यांची संख्याही मोठी आहे. टिपणे, अर्ज आणि प्रमाणपत्रांच्या प्रती एकाच यंत्रात असताना ते बंद पडले, की घाईघाईने निर्णय घेतले जातात.

सुरू होण्याचे तीन टप्पे

कळ दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत लॅपटॉप तीन टप्प्यांतून जातो. पहिला टप्पा विजेचा. अडॅप्टर किंवा बॅटरीकडून आलेली वीज मदरबोर्डवरील निरनिराळ्या भागांना योग्य दाबाने पोहोचते. दुसरा टप्पा स्वयंचाचणीचा. मदरबोर्डवरील चिपमध्ये कायम राहणारी एक लहान आज्ञावली प्रोसेसर, रॅम आणि पडद्याचे सर्किट यांची तपासणी करते. १२ ऑगस्ट १९८१ रोजी बाजारात आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकातही ही चाचणी होती आणि ती यशस्वी झाल्याची खूण म्हणून एक छोटा 'बीप' ऐकू येत असे. आजच्या लॅपटॉपमध्ये बहुधा कंपनीचे बोधचिन्ह दिसणे, हीच ती खूण होय. तिसऱ्या टप्प्यात विंडोज किंवा अन्य कार्यप्रणाली साठवणुकीतून रॅममध्ये उतरते.

पडदा कोणत्या टप्प्यावर काळा राहिला, हे निश्चित झाले की निम्मे निदान होते. एकही दिवा लागत नसेल, तर दोष विजेचा. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण बोधचिन्ह दिसत नाही, तर दोष यंत्राच्या भागांत अथवा पडद्यात. बोधचिन्ह दिसून नंतर अंधार होत असेल, तर दोष बहुतांशी कार्यप्रणालीचा असतो. या तिसऱ्या प्रकारात सुटे भाग बदलण्याची गरज सहसा नसते.

एकही दिवा लागत नसेल तर

अशा वेळी सर्वप्रथम भिंतीवरील सॉकेट दुसरे उपकरण लावून तपासावे. त्यानंतर अडॅप्टरकडे वळावे. बहुसंख्य लॅपटॉपचे अडॅप्टर १९ ते २० व्होल्टचे असतात, परंतु त्यांची क्षमता ४५ वॅट, ६५ वॅट किंवा त्याहून अधिक, अशी वेगवेगळी असते. टाइप-सी जोडणीच्या लॅपटॉपला मोबाइलचा चार्जर बसतो. मात्र तो बसला म्हणजे पुरेशी वीज मिळते, असे नव्हे. बॅटरी पूर्ण रिकामी झाली असेल, तर मूळ अडॅप्टर लावून अर्धा तास थांबावे आणि मगच कळ दाबावी.

यानंतर करावयाचा उपाय साधा असूनही अनेकदा गुणकारी ठरतो. अडॅप्टर काढावा, पेनड्राइव्ह, माउस, प्रिंटर आदी सर्व जोडण्या काढाव्यात आणि बॅटरी बाहेरून निघणारी असल्यास तीही काढावी. मग सुरू करण्याची कळ सुमारे ३० सेकंद दाबून धरावी. सर्किटमध्ये शिल्लक राहिलेला विद्युतभार त्यामुळे निघून जातो आणि वीजपुरवठा नियंत्रित करणारी चिप नव्याने काम सुरू करते. बॅटरी आत बंदिस्त असलेल्या अनेक लॅपटॉपमध्येही कळ दीर्घकाळ दाबून धरल्याने हाच परिणाम साधतो. नंतर केवळ अडॅप्टर जोडून लॅपटॉप सुरू करून पाहावा.

नवा अडॅप्टर घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह आहे का, ते पाहणे हिताचे. लॅपटॉप आणि अडॅप्टर ही उपकरणे अनिवार्य नोंदणीच्या कक्षेत येतात. चुकीच्या दाबाचा स्वस्त अडॅप्टर मदरबोर्डला कायमची इजा करू शकतो.

दिवा लागतो, पण चित्र नाही

या स्थितीत दोन शक्यता वेगळ्या कराव्या लागतात. संगणक चालू आहे आणि केवळ पडदा दिसत नाही, ही एक. संगणकच स्वयंचाचणीत अडकला आहे, ही दुसरी.

त्यासाठी तीन चाचण्या घरीच करता येतात. पहिली, कळफलकावरील कॅप्स लॉकची कळ दाबावी. प्रत्येक वेळी तिचा दिवा लागत आणि विझत असेल, तर संगणक आज्ञा स्वीकारत आहे. दुसरी, खोलीत अंधार करून पडद्यावर टॉर्चचा प्रकाश तिरपा पाडावा. अस्पष्ट चित्र दिसले, तर पडदा काम करीत आहे, पण त्यामागील प्रकाशयोजना बंद पडली आहे. ही चाचणी एलसीडी पडद्यापुरती लागू आहे. ओएलईडी पडद्याला मागील प्रकाश नसतोच. तिसरी आणि सर्वांत निर्णायक, एचडीएमआय केबलने लॅपटॉप दूरचित्रवाणी संचाला किंवा दुसऱ्या मॉनिटरला जोडावा. तेथे चित्र उमटले, तर मदरबोर्ड, रॅम आणि साठवण यांचे काम व्यवस्थित चालू आहे, असे मानण्यास हरकत नाही. दोष पडद्यात किंवा पडद्यापर्यंत जाणाऱ्या केबलमध्ये आहे. बाह्य पडद्यावर काहीच दिसले नाही, तरी लगेच निराश होऊ नये. विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबून चित्र कोणत्या पडद्यावर जावे, हे बदलता येते.

ही केबल लॅपटॉपच्या बिजागरीतून जाते. दररोज उघडझाप होऊन ती झिजते. झाकणाचा कोन बदलताना चित्र येत-जात असेल, तर हेच कारण असण्याचा संभव अधिक असतो. अॅपलच्या २०१६ च्या १३ इंची मॅकबुक प्रो संगणकांत पडद्याचा प्रकाश अंशतः किंवा पूर्ण बंद पडण्याच्या तक्रारी आल्यानंतर कंपनीने मे २०१९ मध्ये विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली होती. त्याआधी जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया कंपनीने लॅपटॉपमधील ग्राफिक्स चिपच्या सदोष जोडणीमुळे १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली होती. त्या चिप असलेल्या अनेक लॅपटॉपचा पडदा कोराच राहत असे. अशा योजना ठरावीक मुदतीसाठी असतात. त्यामुळे खर्च करण्यापूर्वी आपल्या प्रतिरूपासाठी कंपनीची एखादी योजना चालू आहे का, हे तिच्या संकेतस्थळावर किंवा सेवा केंद्रात विचारून घेणे श्रेयस्कर.

आणखी एक दुर्लक्षित कारण म्हणजे चुंबक. झाकण बंद झाल्याचे ओळखण्यासाठी बहुतेक लॅपटॉपमध्ये चुंबकीय संवेदक बसविलेला असतो. मनगटावरील घड्याळाचा चुंबकीय पट्टा, मोबाइलचे आवरण किंवा एकावर एक ठेवलेले लॅपटॉप यांमुळे तो फसतो आणि झाकण उघडे असूनही पडदा बंद होतो.

बीप आणि दिव्यांची भाषा

संगणक स्वयंचाचणीत अडकला असेल, तर तो ते आपल्या भाषेत सांगतही असतो. ठरावीक संख्येने वाजणारे बीप किंवा ठरावीक क्रमाने लुकलुकणारे दिवे हा त्याचा संदेश होय. प्रत्येक कंपनीचा संकेत निराळा असल्यामुळे बीप किती, दिवा कोणता आणि कोणत्या रंगाचा, याची कागदावर नोंद करून ती कंपनीच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावी. मोबाइलवर त्याचे चित्रीकरण करून ठेवल्यास दुरुस्ती करणाऱ्यालाही मदत होते.

या टप्प्यावर वारंवार आढळणारा दोष रॅमचा असतो. रॅमची पट्टी खाचेत किंचित सैल झाली किंवा तिच्या धातूच्या टोकांवर मळ साचला, तरी चाचणी पुढे सरकत नाही. दिल्लीतील उन्हाळ्याची धूळ आणि त्यानंतर जुलै-ऑगस्टमधील दमट हवा, हा क्रम अशा टोकांसाठी अनुकूल नाही. मागील झाकण उघडण्याची मुभा असलेल्या लॅपटॉपमध्ये वीज आणि बॅटरीची जोडणी काढून, पट्टी सोडवून, टोके कोरड्या मऊ कापडाने पुसून ती पुन्हा घट्ट बसवावी. दोन पट्ट्या असल्यास एका वेळी एकच लावून पाहावी. हिवाळ्यातील कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युतभार साचतो. म्हणून भागांना हात लावण्यापूर्वी आधी एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूच्या वस्तूला स्पर्श करावा. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच डाख देऊन बसविलेली असते. तेथे हा उपाय संभवत नाही. तसेच रॅम बदलल्यानंतर, विशेषतः डीडीआर ५ प्रकारात, पहिल्या वेळी काही मिनिटे पडदा काळा राहणे स्वाभाविक असते. त्या वेळी घाईने वीज तोडू नये.

तापमानाचाही विचार आवश्यक आहे. लॅपटॉप सर्वसाधारणपणे ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या भोवतालच्या तापमानात वापरावेत, असे अनेक कंपन्या सांगतात. मे आणि जून महिन्यांत दिल्लीचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो. उन्हात उभ्या असलेल्या वाहनातून आणलेला लॅपटॉप तत्काळ सुरू न करता तो सामान्य तापमानाला येऊ द्यावा.

बोधचिन्हानंतर अंधार

बोधचिन्ह दिसून नंतर पडदा काळा होत असेल, तर यंत्राचे बहुतेक भाग चाचणीत उत्तीर्ण झालेले असतात. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्यास पडद्याचे ड्रायव्हर पुन्हा सुरू होते. काळ्या पडद्यावर माउसचा बाण दिसत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळांनी टास्क मॅनेजर उघडून तेथून एक्सप्लोरर पुन्हा सुरू करता येतो.

एवढ्याने भागले नाही, तर विंडोज सुरू होत असतानाच कळ दाबून धरून लॅपटॉप बंद करावा. सलग काही वेळा, बहुधा तीनदा, असे केल्यास विंडोज आपणहून दुरुस्तीचे पान उघडते. तेथून सेफ मोडमध्ये जाता येते. या पद्धतीत केवळ अत्यावश्यक ड्रायव्हर चालू होतात. तेथे लॅपटॉप व्यवस्थित चालला, तर नुकतेच बसविलेले अपडेट किंवा पडद्याचे ड्रायव्हर काढून टाकावे. जुलै २०२४ मध्ये ठप्प झालेल्या संगणकांपैकी अनेकांची दुरुस्ती तंत्रज्ञांनी सेफ मोडमध्ये जाऊनच केली होती. विंडोज १० ला मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढविताना आपल्या प्रतिरूपासाठी योग्य ड्रायव्हर उपलब्ध आहेत का, याची आधी खात्री करून घ्यावी.

माहिती आधी, दुरुस्ती नंतर

क्राउडस्ट्राइकच्या घटनेत अनेक संस्थांना एका वेगळ्याच अडचणीला तोंड द्यावे लागले. संगणकांतील साठवण बिटलॉकरने कुलूपबंद होती आणि सेफ मोडमध्ये जाण्यासाठी ४८ अंकी पुनर्प्राप्ती संकेतांक हवा होता. घरगुती वापरातही ही वेळ येऊ शकते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केलेल्या अनेक नव्या लॅपटॉपवर साठवणुकीचे कूटीकरण आपोआप होते आणि वापरणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. मदरबोर्ड बदलला किंवा साठवणुकीचा भाग काढून दुसऱ्या संगणकाला जोडला, की संकेतांकाची मागणी होते. तो नसेल, तर माहिती असूनही नसल्यासारखी ठरते. हा संकेतांक सामान्यतः आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठविलेला असतो. लॅपटॉप चालू असतानाच तो कागदावर उतरवून ठेवणे, हा सर्वांत स्वस्त विमा होय.

केवळ पडदा निकामी असेल, तर बाह्य मॉनिटर जोडून माहितीची प्रत प्रथम काढून घ्यावी. काही पातळ लॅपटॉपमध्ये आणि अलीकडच्या मॅकबुकमध्ये साठवणुकीच्या चिप मदरबोर्डवरच बसविलेल्या असतात. तेथे मदरबोर्ड बदलणे म्हणजे माहितीवर पाणी सोडणे. 'मदरबोर्ड बदलावा लागेल' या वाक्याला होकार देण्यापूर्वी 'माझी माहिती कुठे साठविलेली आहे?' हा प्रश्न म्हणूनच विचारला पाहिजे.

दुरुस्तीला देताना

दक्षिण दिल्लीतील नेहरू प्लेस ही देशातील संगणकाच्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक आहे. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोडचा जसा परिचय आहे, तसाच दिल्लीकरांना या बाजाराचा. येथे संपूर्ण मदरबोर्ड बदलण्याऐवजी त्यावरील बिघडलेला एखादा भाग शोधून तेवढाच बदलणारे कुशल कारागीर आहेत. ग्राफिक्स चिप केवळ तापवून तात्पुरती चालू करून देण्याचा प्रकारही दुरुस्तीच्या बाजारात चालतो. अशी दुरुस्ती सहसा फार काळ टिकत नाही. त्यामुळे काय बदलले आणि कोणता भाग नवा बसविला, हे बिलावर लिहून घेणे आवश्यक आहे.

लॅपटॉप हाती देण्यापूर्वी त्याचा अनुक्रमांक टिपून घ्यावा, खर्चाचा अंदाज लेखी मागावा आणि बदललेला जुना भाग परत मागावा. हमीची मुदत चालू असल्यास अधिकृत सेवा केंद्राखेरीज अन्यत्र यंत्र उघडू नये. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' हे पोर्टल सुरू केले असून, सहभागी कंपन्यांच्या दुरुस्ती आणि सुट्या भागांविषयीची माहिती त्यावर मिळते. सेवेत त्रुटी आढळल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याचा मार्गही खुला आहे. त्यासाठी बिल जपून ठेवणे अगत्याचे.

येथे मात्र थांबावे

काही वेळा घरगुती उपाय धोक्याचे ठरतात. लॅपटॉपचा तळ किंवा टचपॅड फुगलेला दिसत असेल, जळका वास येत असेल किंवा आत पाणी, चहा सांडला असेल, तर तो पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. फुगलेली लिथियम-आयन बॅटरी दाबल्यास किंवा टोचल्यास पेट घेऊ शकते. द्रव सांडल्यास तत्काळ वीज तोडून लॅपटॉप तंत्रज्ञाकडे न्यावा. तांदळात ठेवल्याने आतील क्षार आणि साखर निघून जात नाहीत.

लॅपटॉप दुरुस्त होण्यासारखा नाही, असे ठरले तरी एक जबाबदारी उरते. ईशान्य दिल्लीतील सीलमपूर हे ई-कचऱ्याच्या असंघटित व्यवसायाचे मोठे केंद्र म्हणून ओळखले जाते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे जाणे अपेक्षित आहे. भंगारात दिलेल्या लॅपटॉपचा पडदा काळा असला, तरी त्यातील साठवण बहुधा चालू स्थितीत असते आणि ती कूटबद्ध नसल्यास दुसऱ्या संगणकावर सहज वाचता येते. त्यामुळे लॅपटॉप देण्यापूर्वी ती काढून घ्यावी किंवा पूर्णपणे पुसून टाकावी.